ओळ कोठे मोडावी

संगणकाच्या पडद्यावर, दुकानातल्या छापील पावतीवर किंवा ग्रंथाच्या पानावर जो मजकूर आपण वाचतो, तो लिहिणाऱ्याच्या हातून सलग निघालेला असतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र ओळीओळींनी उभा राहतो. या दोन अवस्थांच्या दरम्यान, प्रत्येक ओळीच्या अखेरीस, येथे थांबावे आणि पुढचा शब्द खाली न्यावा, असा निवाडा कोणीतरी केलेला असतो. हा निवाडा पूर्वी पोथी उतरून काढणारा लेखनिक करी, पुढे छापखान्यातला जुळारी करू लागला, आणि आता तो बहुतांशी आज्ञावलीच्या हाती गेला आहे. वाचकाला त्याची जाणीव नसते, आणि नसावी हेच योग्य. परंतु आज्ञावली रचणाऱ्यालाही ती नसावी, ही गोष्ट मला कधीच पटलेली नाही.

प्रोग्रॅमिंगच्या प्रारंभिक धड्यांत हा प्रश्न एखाद्या फुटकळ उदाहरणासारखा येतो. मजकूर द्यावा, ८० अक्षरांची मर्यादा द्यावी, आणि मर्यादा ओलांडणारा शब्द पुढच्या ओळीत ढकलण्यास सांगावे, एवढाच त्याचा विस्तार. विद्यार्थी थोडक्या ओळींत काम उरकतो, एखाद्या इंग्रजी परिच्छेदावर ते पडताळून पाहतो, आणि विषय कायमचा मिटला असे समजून पुढल्या धड्याकडे वळतो. तीच आज्ञावली मराठी परिच्छेदापुढे ठेवली म्हणजे मात्र काही ओळी निष्कारण आखूड पडतात, आणि एखादा लांबलचक शब्द बळेच तोडण्याची पाळी आली तर वेलांटी आपल्या व्यंजनापासून सुटून पुढच्या ओळीच्या आरंभी ठिपक्यांच्या वर्तुळावर निराधार बसलेली दिसते. या विषयाला स्वतंत्र पुस्तिका कशासाठी, असे ज्यांना वाटेल त्यांना माझे उत्तर हे की, ओळ मोडण्यापूर्वी ती मोजावी लागते, आणि मोजण्याचे माप ज्यांनी प्रथम ठरविले त्यांच्या नजरेपुढे आपली लिपी नव्हती. मोडण्याची उत्तम रीत चार दशकांपूर्वीच सापडलेली आहे. मोजण्याचे कोडे मात्र अजून पुरतेपणी उलगडलेले नाही, आणि जे उलगडले आहे ते आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेले नाही.

प्रथम रुंदीविषयी. संगणकाच्या जगात ८० हा आकडा इतक्या ठिकाणी भेटतो की त्यामागे वाचनाचे किंवा दृष्टीचे काही गूढ शास्त्र असावे असे नवख्याला वाटते. वस्तुतः तो वहिवाटीने आलेला आकडा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेल्या पत्त्यांची जी पद्धत रूढ केली, तिच्याच वारशात आय.बी.एम. कंपनीने १९२८ साली चौकोनी भोकांचा ८० स्तंभांचा पत्ता बाजारात आणला. त्याआधीच्या पत्त्यावर गोल भोकांचे ४५ स्तंभ असत. पुढे संगणक आले तेव्हा हा पत्ता तयारच होता, म्हणून आज्ञावलीची एक ओळ म्हणजे एक पत्ता, असा शिरस्ता पडला. १९५७ साली प्रसृत झालेल्या फोरट्रान भाषेत तर प्रत्येक स्तंभाचा हुद्दा ठरलेला होता: पहिल्या पाच स्तंभांत विधानाचा क्रमांक, सहाव्यात मागच्या पत्त्यावरचे विधान पुढे चालू असल्याची खूण, सातव्यापासून ७२ व्यापर्यंत प्रत्यक्ष विधान, आणि उरलेले आठ स्तंभ आज्ञावलीच्या दृष्टीने बेदखल. ही ७२ ची हद्दही भाषेच्या गरजेतून आलेली नव्हती. आय.बी.एम. ७०४ या यंत्राचा शब्द ३६ बिटांचा होता, आणि पत्त्याच्या एका आडव्या रांगेतून यंत्र असे दोन शब्द उचलीत असे. दोन वेळा ३६ म्हणजे ७२, एवढाच तो हिशेब.

पत्ते गेले, पण त्यांची रुंदी राहिली. टेलिटाइपच्या ३३ क्रमांकाच्या यंत्रावर ओळीत ७२ अक्षरे मावत. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलावर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या. आणि आज ज्या पडद्यावर दोनशे स्तंभ सहज मावतात त्यावर काम करणारा पायथन भाषेचा प्रोग्रॅमर २००१ च्या शैलीसंहितेला मान देऊन आपली ओळ ७९ अक्षरांत आवरतो. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी २०२० साली आपल्या तपासणी-साधनातली ही मर्यादा शंभरावर नेली, तेव्हा त्या बदलावर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या सरहद्दीच्या तहावरही क्वचित होत असेल. वहिवाटीने आलेली गोष्ट टाकाऊच असते असे माझे म्हणणे नाही. रोमन लिपीच्या मुद्रणात ओळीत साधारण ४५ ते ७५ अक्षरे असावीत असा जाणकारांचा संकेत आहे, आणि पत्त्याची रुंदी योगायोगाने त्याच्या आसपास पडते. देवनागरीत काना शेजारी बसतो, मात्रा डोक्यावर चढते, उकार पायाशी राहतो आणि रफार तर शिरोरेषेच्याही वर जातो. अशा लिपीसाठी हा संकेत जसाच्या तसा उचलण्यात काही अर्थ नाही. तूर्त एवढे ध्यानात घ्यावे की मर्यादा आज्ञावलीला बाहेरून मिळते, आणि ती मिळाल्यानंतर काय करावे हा पुढचा प्रश्न तिच्यावर अवलंबून नाही.

तो पुढचा प्रश्न असा. शब्द क्रमाने घ्यावेत, ओळीत मावतील तितके भरावेत, आणि न मावणाऱ्या पहिल्या शब्दापासून नवी ओळ सुरू करावी, ही रीत सर्वांना सुचते. शास्त्रात तिला अधाशी रीत म्हणतात. युनिक्स प्रणालीतल्या ‘फोल्ड’ला तसे सांगितले तर ते शब्दांच्या सीमेवर याच रीतीने ओळी पाडते, पायथनमधले, न सांगितल्यास ७० अक्षरांची रुंदी धरणारे ‘टेक्स्टरॅप’ याच रीतीने चालते, ब्राउझरही वर्षानुवर्षे हेच करीत आले. १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या छापखान्यात लायनोटाइप यंत्र सुरू झाले तेव्हापासून तर ही रीत शिशात ओतली गेली असे म्हणता येईल, कारण त्या यंत्रावर एक ओळ पुरी झाली की तिचा अखंड तुकडा ओतला जाई आणि पुढच्या ओळीची अडचण पाहून मागची ओळ बदलण्याची मुभा चालकाला सहसा नसे. हाताने खिळे जुळवणारा जुळारी त्या मानाने स्वतंत्र होता. पुढे अडचण दिसली तर दोन ओळी मागे जाऊन एखादी मोकळी जागा चेपून किंवा पसरून तो तड लावी, परंतु तसे करण्यात वेळ जाई, आणि वेळेचा हिशेब मालक ठेवी.

अधाशी रीतीचे एक पुण्य मान्य केले पाहिजे: ओळींची संख्या कमीत कमी ठेवण्यात तिला कोणी हरवू शकत नाही. तिचा दोष अन्यत्र आहे, आणि तो एका लहानशा उदाहरणाने दाखविणे बरे. समजा, ओळीत आठ घरे आहेत, प्रत्येक अक्षराला एक घर लागते आणि दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेलाही एक घर लागते. आणि मजकूर आहे ‘आकाशात सकाळी ढगांची जमवाजमव झाली’. अक्षरे मोजली तर अनुक्रमे चार, तीन, तीन, सहा आणि दोन. अधाशी रीत पहिल्या ओळीत ‘आकाशात सकाळी’ घालते व आठही घरे भरल्याचे समाधान मानते. दुसऱ्या ओळीत ‘ढगांची’ एकटाच राहतो, कारण त्याच्यापुढचा सहा अक्षरांचा शब्द तेथे मावत नाही, आणि पाच घरे रिकामी पडतात. तिसऱ्या ओळीत ‘जमवाजमव’ येऊन दोन घरे उरतात. ‘झाली’ शेवटच्या ओळीत जातो. आता दुसरी मांडणी पाहा. पहिल्या ओळीत केवळ ‘आकाशात’, दुसरीत ‘सकाळी ढगांची’, तिसरीत ‘जमवाजमव’, चौथीत ‘झाली’. येथे पहिल्या तीन ओळींत रिकामी घरे चार, एक आणि दोन.

दोन्ही मांडण्यांत ओळी चारच आहेत, आणि शेवटची ओळ आखूड असणे हा तिचा हक्कच असल्यामुळे ती हिशेबातून वगळली, तर दोन्हींत रिकाम्या घरांची बेरीजही सातच भरते. केवळ बेरजेकडे पाहणाऱ्या कारकुनाला या दोहोंत काही भेद दिसणार नाही. डोळ्याला मात्र तो तत्काळ दिसतो, कारण डोळा एकूण तूट पाहत नाही, एका जागी साचलेली तूट पाहतो. म्हणून रिकाम्या घरांचा वर्ग करून बेरीज करण्याची युक्ती निघाली. पहिल्या मांडणीत शून्य, २५ आणि ४ मिळून २९; दुसरीत १६, १ आणि ४ मिळून २१. वर्गाऐवजी घनही चालतो, आणि कॉर्मेन, लायझर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायात घनच घेतलेला आहे. तत्त्व एकच की मोठी तूट लहान तुटींच्या मानाने अधिक महाग पडावी. अधाशी रीतीचे वर्तन लग्नाच्या पंगतीत वाढप्याने पहिली रांग खेटून भरावी आणि दुसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्याला एकट्याला बसवावे तसे असते: कोणी उपाशी राहत नाही, पण यजमानाची शोभा होत नाही.

आता सर्वोत्तम मांडणी शोधायची कशी? पाच शब्दांमध्ये चार सांधे आहेत, आणि प्रत्येक सांध्यावर ओळ मोडावी किंवा न मोडावी असे दोन पर्याय धरले तर सोळाच मांडण्या होतात. त्या हाताने तपासता येतील. शंभर शब्दांच्या परिच्छेदात ९९ सांधे असतात आणि मांडण्यांची संख्या सहावर २९ शून्ये दिल्याइतकी होते, तेव्हा एकेक तपासण्याचा विचार सोडावा लागतो. येथे रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात प्रतिष्ठित केलेले गतिमान नियोजनाचे तत्त्व उपयोगी पडते. प्रत्येक शब्दाशी थांबून एकच प्रश्न विचारावा: या शब्दाअखेर ओळ संपवायची असेल तर आजवरचा कमीत कमी दंड किती? वरच्या उदाहरणात ‘आकाशात’पाशी तो १६ आहे. ‘सकाळी’पाशी तो शून्य आहे, आणि अधाशी रीत या शून्यालाच भुलते. ‘ढगांची’पाशी दोन वाटा येऊन मिळतात: शून्यावरून आलेल्या वाटेने २५, आणि १६ वरून आलेल्या वाटेने १७, म्हणून १७ दप्तरी नोंदवावा व तो कोठून आला तेही नोंदवावे. ‘जमवाजमव’पाशी त्यात ४ मिळून २१ होतात. शेवटच्या शब्दापासून नोंदी उलट वाचीत गेले की मोडण्याच्या जागा आपोआप हाती येतात. शंभर शब्दांच्या परिच्छेदात, एका ओळीत बाराएक शब्द मावत असतील तर, सगळे काम हजार-बाराशे तुलनांत आटोपते.

या तत्त्वाला मुद्रणकलेच्या प्रतिष्ठेपर्यंत नेण्याचे श्रेय स्टॅनफर्ड येथील डोनाल्ड नुथ आणि त्यांचे शिष्य मायकेल प्लास यांचे आहे. नुथ यांच्या बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती, आणि १९७७ साली छायाक्षरजुळणीची जी मुद्रिते त्यांच्या हाती आली ती पाहून त्यांना एवढी निराशा वाटली की ग्रंथाचे काम बाजूस ठेवून त्यांनी अक्षरजुळणीचीच आज्ञावली लिहावयास घेतली, हीच ‘टेक’. परिच्छेदाच्या ओळी पाडण्याविषयीचा नुथ आणि प्लास यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. प्रस्तुत विषयात तो मला आजही सर्वांत वाचनीय वाटतो, कारण त्यात गणित आहे आणि जुन्या मुद्रकांविषयीचा आदरही आहे.

त्यांच्या मांडणीत परिच्छेद तीन प्रकारच्या घटकांचा बनतो: रुंदी ठाम असलेली पेटी, म्हणजे अक्षर किंवा अक्षरसमूह, ताणता व आकुंचता येणारी मोकळी जागा, आणि अमुक ठिकाणी मोडल्यास अमुक दंड, असे सांगणारी खूण. ‘टेक’च्या नेहमीच्या दहा पॉइंटाच्या टंकात शब्दांमधली जागा स्वभावतः ३.३३ पॉइंट असते, ती सुखाने आणखी १.६७ पॉइंट पसरू शकते, आणि १.११ पॉइंटहून अधिक कधीच आकसत नाही. ओळ दोन्ही कडांना भिडविण्यासाठी ही जागा आपल्या सुखाच्या मर्यादेच्या किती पट ताणावी लागली, त्या पटीचा घन करून शंभराने गुणले की ओळीचे वैगुण्य मिळते: मर्यादेइतका ताण पडला तर १००, निम्मा पडला तर सुमारे १२, दुप्पट पडला तर ८००. या वैगुण्यात १० मिळवून वर्ग केला म्हणजे त्या ओळीचा दंड, आणि सर्व ओळींच्या दंडांची बेरीज कमीत कमी ठेवणे हे आज्ञावलीचे काम. त्यात पुन्हा मुद्रकांच्या जुन्या तक्रारींचा मुलाहिजा राखलेला आहे. दाटीवाटीच्या ओळीलगत फारच विरळ ओळ आली तर १०,००० चा जादा दंड, लागोपाठ दोन ओळींच्या अखेरीस शब्द तोडून संयोगचिन्हे आली तरी १०,००० चा जादा दंड. शिवाय पहिल्या फेरीत शब्द न तोडता परिच्छेद बसतो का हे पाहिले जाते, आणि तो सह्य वैगुण्यात बसला नाही तरच दुसऱ्या फेरीत शब्द तोडण्याची परवानगी मिळते. एका ओळीच्या दोषासाठी चार ओळी मागे जाऊन तडजोड करण्याची जी मुभा जुळाऱ्याला मालकाच्या घड्याळाने नाकारली होती, ती येथे यंत्राला फुकट मिळाली.

ही रीत १९९९ च्या ‘इनडिझाइन’ या पानरचनेच्या आज्ञावलीने ग्रंथरचनेच्या व्यवसायात आणली. ब्राउझरांनी मात्र वेगाच्या सबबीवर ती दीर्घकाळ टाळली, आणि मथळ्याच्या ओळी समतोल पाडणे किंवा परिच्छेदाची अखेर नीटनेटकी करणे अशा सोयी अलीकडे, २०२३ पासून, हप्त्याहप्त्याने येऊ लागल्या आहेत. सबब पूर्णपणे खोटी नाही. खिडकीची रुंदी बदलताच सर्व मजकूर नव्याने मांडावयाचा, आणि वाचक टंकलेखन करीत असेल तर शेवटल्या शब्दाने पहिली ओळ हलू द्यावयाची नाही, अशा प्रसंगी अधाशी रीतीचा अल्पसंतोषच उपकारक ठरतो.

खुद्द आज्ञावलीच्या ओळी मोडण्याचा विषय निराळा असून मी तो येथे वरवरच स्पर्शिणार आहे. गद्यात ओळ कोठेही मोडली तरी अर्थ ढळत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘रिटर्न’ या शब्दानंतर ओळ मोडली तर पुढचे मूल्य परत न जाता निर्मूल्य उत्तर परत जाते, आणि त्याबद्दल कसलीही तक्रार नोंदली जात नाही. अशा ठिकाणी ओळ मोडणाऱ्याला भाषेचे व्याकरण ठाऊक असावे लागते. त्या शाखेचा पाया डेरेक ओपन यांच्या १९८० च्या निबंधात आहे, आणि जिज्ञासूंनी तो तेथेच पाहावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वरील सर्व विवेचनात ‘एका अक्षराला एक घर’ असे आपण बिनबोभाट धरून चाललो, आणि मी उदाहरणही मुद्दाम जोडाक्षरविरहित निवडले होते. ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. शाळकरी मुलाला विचारले तर तो तीन अक्षरे सांगेल. युनिकोडमध्ये तो क, हलन्तचिन्ह, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असा सात संकेतांनी साठविला जातो. पायथनला लांबी विचारली तर उत्तर सात. यूटीएफ-८ या प्रचलित रीतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून बाइट मोजणाऱ्या आज्ञावलीचे उत्तर २१. आणि वाचकाला एकसंध वाटणारे घटक मोजण्याचा युनिकोडचा जो स्वतंत्र नियम आहे, त्याने २०२३ पर्यंत ‘क्’ आणि ‘षि’ वेगळे धरून चार हे उत्तर दिले. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर अखंड ठेवण्याचे कलम दाखल झाले, तेव्हा कोठे शाळकरी मुलाचे तीन हे उत्तर मंजूर झाले. एकाच शब्दाची चार मापे, आणि ओळ कोठे मोडेल हे यांपैकी कोणते माप हाती धरले त्यावर ठरणार. संकेत मोजणाऱ्या साधनाला मराठी ओळ आहे त्याहून दुप्पट लांब वाटते आणि परिच्छेद अर्ध्या पानातच आवळला जातो. बाइट मोजणारे साधन तर तीन बाइटांच्या संकेताच्या मधोमध सुरी चालवते, आणि मग अक्षराऐवजी प्रश्नचिन्हांकित काळ्या चौकटी उरतात.

हा दोष केवळ गबाळ्या प्रोग्रॅमरांचा आहे असेही नाही, तो दस्तऐवजांतच रुजला आहे. दिनदर्शिकेच्या नोंदी एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे जे सर्वमान्य मानक २००९ साली सुधारून प्रसिद्ध झाले, त्यात ओळ ७५ बाइटांहून लांब नसावी असे सांगितले आहे. इंग्रजीत त्यांची ७५ अक्षरे होतात, मराठीत २५ संकेत, म्हणजे जेमतेम दोन-तीन शब्द. साध्या आज्ञावल्या एखादा संकेत मध्येच तोडून टाकतील हा संभव खुद्द त्या मानकाने नमूद करून ठेवला आहे, आणि वाचणाऱ्या आज्ञावलीने आधी ओळी सांधून मगच अर्थ लावावा, अशी तजवीज सुचविली आहे. ही तजवीज शहाणपणाची आहे. परंतु ती वाचून मला असे वाटल्यावाचून राहत नाही की माप प्रथम एका लिपीसाठी बेतले गेले आणि बाकीच्या लिप्यांसाठी त्याला ठिगळ लागले.

आपल्याकडे पूर्वी ही अडचण नव्हती, कारण शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचाच प्रघात नव्हता. संस्कृत पोथ्यांत अक्षरे सलग लिहीत आणि ओळ कोणत्याही अक्षराशी संपे. मोडीत तर कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. पुण्याच्या पेशवे दप्तरातला कोणताही रुमाल सोडला तरी हे दिसेल. तेथे मोडण्याची जागा म्हणजे अक्षराची सीमा, आणि मोजण्याचे माप म्हणजेही अक्षरच. युनिकोडने २०१४ साली मोडीला स्थान दिले, पण मोकळी जागा शोधीत जाणारी आज्ञावली मोडीच्या पानापुढे ठेवली तर सबंध पानात तिला मोडण्याजोगा एकही सांधा सापडणार नाही. थाई, चिनी आणि जपानी लिप्यांच्या उपासकांना हा प्रश्न आजही रोज सोडवावा लागतो. थाईसाठी शब्दकोश जवळ ठेवावा लागतो, आणि जपानीत कोणते चिन्ह ओळीच्या आरंभी येऊ नये याचे निर्बंध तपशीलवार लिहून ठेवलेले आहेत.

छपाईबरोबर आपण मोकळ्या जागा स्वीकारल्या, आणि त्यांच्याबरोबर एक निराळे संकट आले, ज्याचे मूळ मराठीच्या घडणीत आहे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आपण शब्दाला जोडून लिहितो. इंग्रजीत चार-पाच सुट्या शब्दांनी जे सांगावे लागते ते ‘महाविद्यालयांमधल्यांनासुद्धा’ या एका शब्दात आपण सांगून मोकळे होतो. भाषेच्या दृष्टीने हे ऐश्वर्य खरे. परंतु ओळ पाडणाऱ्याच्या दृष्टीने शब्द लांब आणि सांधे थोडे, अशी ही दुहेरी टंचाई आहे. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात ओळीत दोन-तीनच सांधे असले म्हणजे दोन्ही कडा भिडविण्याचा सर्व ताण त्या दोन-तीन जागांवर पडतो, आणि पानावर वरून खाली पांढरे ओहोळ वाहताना दिसतात. मराठीत शब्द तोडण्याची सोय ही म्हणूनच चैनीची बाब नाही.

शब्द कोठे तोडावा यासाठी फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ च्या स्टॅनफर्डमधील प्रबंधात अक्षरक्रमांचे नमुने वापरण्याची जी पद्धत मांडली, तीत इंग्रजीसाठी ४,४४७ नमुने लागले. मराठीसाठीचे नमुने त्या मानाने अगदी थोडे आहेत, कारण ते केवळ अक्षराची सीमा ओळखतात, शब्दाची घडण ओळखत नाहीत. जोडाक्षर फुटू नये, मात्रा सुटू नये, अनुस्वार मागे राहू नये, एवढे त्यांनी साधते. त्यांच्या भरवशावर ‘नवरात्र’ हा शब्द ‘नवरा’ या अक्षरांपाशी तुटून उत्सवाची बातमी क्षणभर घरगुती होते. आणि घडणीप्रमाणे बिनचूक तोडला तरी ‘राजीनामा’ या शब्दाचा पूर्वार्ध ओळीच्या टोकाला एकटा राहिला, तर मंत्र्यांनी संमती दिली असा समज पुढची ओळ लागेपर्यंत टिकतो. जुन्या जुळाऱ्यांना अशा जागा सवयीने ठाऊक असत. ते ज्ञान कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि मराठीच्या घडणीनुसार तोडण्याचे नमुने तयार करणे हे काम एखाद्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने व एखाद्या प्रोग्रॅमरने एकत्र बसून करण्यासारखे आहे.

पुढील प्रकरणांत मी प्रथम घटक मोजण्याची रीत, मग प्रत्यक्ष टंकातली रुंदी विचारून घेण्याची रीत, आणि त्यानंतर नुथ-प्लास यांची पद्धती, अशा क्रमाने गेलो आहे. समान रुंदीच्या घरांत देवनागरी बसविण्याचा टर्मिनलवरचा प्रश्न मी जाणूनबुजून शेवटी ठेवला आहे, कारण ‘र’ आणि ‘क्ष’ यांना सारखीच जागा देणे हा मुळातच अन्याय असून त्यात कमी वाईट तडजोड कोणती एवढेच ठरवता येते. पाने पाडण्याचा विषय पूर्ण वगळला आहे. चित्रे आणि मजकूर यांची पानांत वाटणी करण्याच्या प्रश्नाची काही रूपे मूलतःच दुर्घट असल्याचे प्लास यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले असून त्यासाठी वेगळी पुस्तिका लागेल.

वाचकाने स्वतःची आज्ञावली पारखताना इंग्रजी परिच्छेदावर इतबार ठेवू नये, आणि मराठी परिच्छेद घेतला तरी त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द अवश्य असू द्यावा. हा शब्द दोन प्रकारे साठविला जातो: काही कळफलक खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, तेव्हा त्याचे सात संकेत होतात, काही ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह वापरतात, तेव्हा आठ होतात. वाचणाऱ्याला दोन्ही एकच दिसतात, परंतु संकेत मोजणारी आज्ञावली या दोन मजकुरांच्या ओळी वेगवेगळ्या ठिकाणी मोडते. आणि मोजणीचा घोळ मिटविण्यासाठी कोणी ते अदृश्य चिन्ह केर समजून झाडून टाकले, तर अर्धा ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि ‘दुसर्या’ असे भलतेच लेखन छापून बाहेर पडते.